चांगल्या व्यवस्थापनाची सवय : मूल्यं कामाच्या जागी कशी रुजतात

सप्टेंबर २००८ मध्ये हैदराबादच्या 'सत्यम कॉम्प्युटर्स'ला उत्तम कंपनी-प्रशासनाबद्दल 'गोल्डन पीकॉक' हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांत, ७ जानेवारी २००९ रोजी, कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की हिशेब कित्येक वर्षं फुगवलेले आहेत आणि ताळेबंदात दाखवलेली पाच हजार कोटींहून अधिक रोकड व बँकशिल्लक मुळात अस्तित्वातच नाही. त्याआधी डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेतली 'एन्रॉन' दिवाळखोरीत निघाली होती. दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे महाराष्ट्राला हे नाव चांगलंच परिचयाचं. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता अशी चार मूल्यं या कंपनीने स्वतःची म्हणून छापली होती.

दोन्ही कंपन्यांत मूल्यं लिहिलेली होती, आचारसंहिता होत्या, नामवंत लेखापरीक्षक होते. तरीही जे व्हायचं ते झालं. मग कामाच्या ठिकाणची संस्कृती नेमकी घडते कशाने? दीडशे वर्षं उद्योगपती, कामगार संघटना, संशोधक आणि सरकारं या प्रश्नाशी झटत आली आहेत. त्या प्रयत्नांचा हा आढावा. तो घेताना माझं जे मत पक्कं झालं, ते आधीच सांगून टाकतो. मूल्यं अंगी बाणतात ती रोज करायच्या साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कामांतून. आणि ती टिकतात तेव्हाच, जेव्हा वरच्या माणसाने त्यांच्यासाठी झळ सोसल्याचं खालच्या माणसाने स्वतः पाहिलेलं असतं.

नागपूर, जमशेदपूर, किर्लोस्करवाडी

आपल्याकडे या विषयाची सुरुवात नागपुरातून करावी लागते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. कामगारांना रोज ठरल्या वेळी गिरणीत येण्याची सवय नव्हती, गैरहजेरी मोठी होती. त्या काळी याला एकच उपाय सर्वांना ठाऊक होता, तो म्हणजे दंड आणि हकालपट्टी. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी वेगळा मार्ग धरला. गिरणीत खेळती हवा, आर्द्रता राखणारी यंत्रं आणि आग विझवण्याची व्यवस्था आली. १८८६ मध्ये पेन्शन फंड सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. यातलं काहीही तेव्हा कायद्याने मागितलेलं नव्हतं.

पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ पासून आठ तासांचा दिवस, १९२० पासून भरपगारी रजा आणि भविष्यनिर्वाह निधी, १९२८ पासून प्रसूतीचे लाभ आणि १९३४ पासून नफ्यात वाटा अशा गोष्टी क्रमाने आल्या. स्वतंत्र भारताचा कारखाने कायदा १९४८ चा आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, हे लक्षात घेतलं म्हणजे या पावलांचं मोल कळतं.

पण याच इतिहासाची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये याच जमशेदपुरात संप झाले. मालकाने चांगुलपणाने दिलेलं आणि कामगाराने हक्काने मिळवलेलं यांत फरक असतो, आणि कामगाराला तो नेमका कळतो. सोयी मिळाल्या म्हणजे आपला शब्द ऐकला जातो, असं होत नाही. १९५६ मध्ये टाटा वर्कर्स युनियनशी झालेल्या करारात संयुक्त सल्लामसलतीची रचना ठरली, विभागापासून वरपर्यंत कामगार आणि व्यवस्थापन एका टेबलाशी बसू लागले, तेव्हा कुठे त्या चांगुलपणाला पक्का आधार मिळाला.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. तिथे त्यांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही, आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं. ज्याच्यावर गाव विश्वास ठेवत नाही, त्याच्याच हाती कारखान्याची राखण द्यायची! समतेवर आणि विश्वासावर व्याख्यान देणं सोपं असतं. लक्ष्मणरावांनी ती दोन्ही मूल्यं ड्युटीच्या तक्त्यात आणली. १९२० मध्ये याच वाडीतून 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून सुरू झालेलं हे प्रकाशन पुढे महाराष्ट्राचं वैचारिक मासिक झालं. ज्या कारखान्यात माणसाला नुसते हात समजत नाहीत, तिथूनच असं काही निघू शकतं.

या पिढीची मर्यादा एकच होती. सगळं मालकाच्या वृत्तीवर अवलंबून होतं. मालक मायबाप असेल तर सुख, नसेल तर काही नाही. वृत्ती वारशाने मिळतेच असं नाही. म्हणून पुढचा प्रश्न उभा राहिला. मालकाच्या स्वभावावर विसंबून न राहता चांगलं व्यवस्थापन शिकवता येतं का?

तारापूरचा प्रयोग

या प्रश्नाचं सर्वांत ठोस उत्तर आपल्या दारातच मिळालं. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्राजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या अर्थतज्ज्ञांनी मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगाव या भागातल्या कापड उद्योगात एक प्रयोग केला. १७ कंपन्या, त्यांचे २८ कारखाने. काही कारखान्यांना सल्लागार संस्थेची पाच महिन्यांची मदत फुकट दिली. पहिला महिना पाहणीचा, पुढचे चार प्रत्यक्ष अंमलबजावणीचे. तुलनेसाठी निवडलेल्या बाकीच्या कारखान्यांत फक्त पाहणी झाली. असं व्यवस्थापनाच्या क्षेत्रात क्वचितच घडतं. एरवी यशस्वी कंपनीकडे बोट दाखवून आपण तिच्या यशाची कारणं मागाहून शोधत बसतो.

सुरुवातीची अवस्था कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फिरलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. मागांमधल्या वाटेवर हत्यारं आणि कचरा. गोदामात सुताचे ढीग, पण कोणतं सूत किती आणि कुठे आहे याची नोंद नाही. ओल लागून खराब झालेला माल. यंत्र बंद पडलं की मिस्त्रीला हाक मारायची, तोवर देखभाल नाही. दोष निघाला की कापड दुरुस्त करायला माणसांची मोठी फौज, पण दोष कशामुळे आला हे लिहून ठेवायची पद्धत नाही.

सल्लागारांनी ३८ साध्या पद्धती पुढे ठेवल्या. यंत्रांच्या देखभालीचं वेळापत्रक आणि बिघाडाची नोंद, दोषांची रोजची प्रकारवार नोंद, सुताच्या साठ्याचा हिशेब, सकाळी विभागप्रमुखांची छोटी बैठक, चांगल्या कामाबद्दल कामगाराला आणि सुपरवायझरला बक्षीस. यात नवं तंत्रज्ञान काहीच नव्हतं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली, दोष आणि साठा घटले. मालकांनी खालच्या व्यवस्थापकांकडे अधिक निर्णय सोपवले, कारण आता आकडे हाताशी होते आणि माणसाच्या कामाचा माग काढण्यासाठी त्याच्या डोक्यावर उभं राहायची गरज उरली नव्हती.

मग हे आधीच का केलं नव्हतं? बऱ्याच मालकांना वाटत होतं, की आपलं बरं चाललंय, आजूबाजूचेही असंच चालवतात. त्याहून महत्त्वाचं निरीक्षण असं, की कंपनी किती मोठी होणार हे व्यवस्थापन किती चांगलं यापेक्षा घरात कर्ते पुरुष किती यावरून अधिक ठरत होतं. बाहेरच्या माणसावर तिजोरी आणि निर्णय सोपवायची तयारी नसे. म्हणजे अविश्वासाची किंमत धंद्याच्या आकारातच मोजावी लागत होती. मूल्यांचा आणि व्यवहाराचा संबंध याहून स्पष्ट कुठे दिसणार?

या कथेचा उत्तरार्ध कमी सांगितला जातो. आठ-नऊ वर्षांनी संशोधक त्याच कारखान्यांत परत गेले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार रुजवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. मुख्य कारणं दोन. कारखान्याचा व्यवस्थापक बदलला, किंवा मालकाला लक्ष द्यायला वेळ राहिला नाही. चांगली बाजू अशी, की उरलेल्या पद्धतींमुळे हे कारखाने इतरांच्या अजून बरेच पुढे होते आणि त्याच मालकांच्या दुसऱ्या कारखान्यांतही काही पद्धती पसरल्या होत्या. धडा दोन्हींकडून एकच मिळतो. चांगलं व्यवस्थापन शिकवता येतं, आणि त्याकडे रोज कुणी पाहिलं नाही तर ते सुटतंही.

दोरी ओढण्याचा हक्क

पद्धती बदलल्या म्हणजे माणसांची मनं बदलतात का? आधी मनं बदलायची की आधी काम? याचा पुरावा कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉंटमध्ये मिळतो. जनरल मोटर्सचा तिथला मोटार कारखाना कुप्रसिद्ध होता. वीस-वीस टक्के गैरहजेरी, तक्रारींचे ढीग, कामावर दारू. १९८२ मध्ये कंपनीने तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाने जनरल मोटर्सच्या भागीदारीत तोच कारखाना 'नूमी' या नावाने पुन्हा सुरू केला. तीच युनियन, आणि बहुतांशी तेच कामगार. थोड्याच काळात गैरहजेरी दोन टक्क्यांवर आली आणि तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या कारखान्याच्या तोडीचा झाला.

जनरल मोटर्सच्या काळात असेंब्ली लाईन थांबवणं हा सर्वांत मोठा गुन्हा होता. बोल्ट चुकीचा बसला तरी गाडी पुढे जाऊ द्यायची, शेवटी दुरुस्त करता येईल. टोयोटाने प्रत्येक जागेवर डोक्यावरून एक दोरी सोडली. कामगाराला काही बिघडलेलं दिसलं की त्याने ती ओढायची. दोरी ओढताच दिवा लागतो, सूर वाजतो आणि टीम लीडर धावत येतो. त्याने पहिलं काम करायचं ते विचारपूस आणि मदत. गाडी त्या जागेवरून पुढे सरकायच्या आत अडचण सुटली तर लाईन चालूच राहते, नाही सुटली तर थांबते. लाईन थांबण्याचं प्रत्येक मिनिट कंपनीला महाग पडतं, हे कामगाराला ठाऊक असतं. तरीही दोरी त्याच्या हातात दिलेली आहे, हेही त्याला रोज दिसतं. कामगाराबद्दलचा आदर कंपनी आणखी कुठे आणि कसा लिहिणार?

या कारखान्याच्या उभारणीत भाग घेतलेले जॉन शूक यांनी २०१० मध्ये लिहिलेल्या लेखाचं सार असं, की आधी माणसांची करणी बदला, विचार मागाहून बदलतात. इतर कारखान्यांतल्या जनरल मोटर्सच्या अधिकाऱ्यांनी 'नूमी' पाहिला, फोटो काढले, दोऱ्या बसवल्या. पण दोरी ओढल्यावर धावून येणारा टीम लीडर आणि न चिडणारा मॅनेजर त्यांना बसवता आला नाही. दोऱ्या लोंबकळत राहिल्या. आपल्याकडे कायझेन, फाइव्ह एस, क्वालिटी सर्कल या जपानी पद्धतींचे फलक लावून थांबलेल्या कितीतरी कारखान्यांचं नेमकं हेच झालं आहे.

बोलायची भीती

दोरी जे काम करते, तेच काम कार्यालयात बोलण्याने होतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये चुका अधिक नोंदल्या जात होत्या. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चूक सांगायला परिचारिका घाबरत नव्हत्या, आणि जिथे मुख्य परिचारिकेचं दडपण होतं तिथे चुका झाकल्या जात होत्या. १९९९ मध्ये त्यांनी या निर्भयतेची 'मानसिक सुरक्षितता' म्हणून सविस्तर मांडणी केली. पुढे गूगलने आपल्या सुमारे १८० टीमचा अभ्यास केला, त्यातही यशस्वी टीमचं सर्वांत ठळक लक्षण हेच निघालं.

गूगलचा आणखी एक अभ्यास इथे लागू पडतो. मॅनेजर असण्याने काही फरक पडत नाही, हे दाखवता येतं का, असं तपासायला ही मंडळी बसली होती. निष्कर्ष बरोबर उलटा आला. चांगल्या मॅनेजरच्या हाताखालची माणसं समाधानी होती, टिकत होती. चांगल्या मॅनेजरची आठ लक्षणं निघाली, त्यांत पहिलं माणसं घडवणं आणि दुसरं सारखी लुडबुड न करणं. तांत्रिक कौशल्य यादीत शेवटी होतं.

आपल्याकडे ही गोष्ट आणखी कठीण आहे. आपल्या कार्यालयांत 'साहेब' हा शब्दच एक उतरंड सोबत घेऊन येतो. वय, जात, शिक्षण, इंग्रजी यांची दडपणं त्यात मिसळतात. बैठकीत ज्युनिअर मुलगी गप्प बसते, ती तिला काही सुचत नाही म्हणून नव्हे. मागच्या वेळी बोललेल्याचं काय झालं, हे तिने पाहिलेलं असतं. म्हणून चांगल्या मॅनेजरने करायच्या गोष्टी अगदी छोट्या आहेत. बैठकीत स्वतःचं मत शेवटी सांगायचं, म्हणजे इतरांना ते उचलून धरण्याची सक्ती वाटत नाही. वाईट बातमी आणणाऱ्याला आधी 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचं, चौकशी मागाहून. चूक चारचौघांत काढायची नाही, श्रेय मात्र चारचौघांतच द्यायचं. आठवड्यातून एकदा प्रत्येकाशी स्वतंत्र बोलायचं, आणि त्या भेटीत कामाचा हिशेब मागण्याआधी अडचण विचारायची.

झळ सोसायची वेळ

सवयी रुजतात रोजच्या कामातून, पण त्यांची परीक्षा होते ती पैशाचा प्रश्न येतो तेव्हा. १९८७ मध्ये पॉल ओ'नील ॲल्युमिनियम बनवणाऱ्या 'अल्कोआ'चे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल बोलले. ऐकणाऱ्यांना वाटलं, या माणसाला धंदा कळत नाही. ओ'नील यांनी नियम केला, की कुणालाही इजा झाली तर चोवीस तासांच्या आत त्या विभागाच्या प्रमुखाने त्यांना कळवायचं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार हेही सांगायचं. चोवीस तासांत वर कळवायचं तर खालून फोरमनने तासाभरात सांगायला हवं, आणि उपाय सुचवायचा तर कामगारालाच विचारायला हवं. सुरक्षिततेच्या निमित्ताने सगळ्या कंपनीत बोलण्याचे बंद पडलेले रस्ते मोकळे झाले. इजेमुळे काम बुडण्याचं प्रमाण शंभर कामगारांमागे १.८६ वरून ०.२ वर आलं, आणि नफाही मागे राहिला नाही. मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना विषारी वायूचा त्रास झाला, पण ते वर कळवलं गेलं नाही, असं उघड झालं. तेव्हा ओ'नील यांनी भरपूर धंदा आणणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला घरी पाठवलं. त्या दिवशी कंपनीतल्या शेवटच्या माणसालाही कळलं, की हा नियम खरा आहे.

याच्या नेमकं उलट उदाहरण 'वेल्स फार्गो' या अमेरिकी बँकेचं. बँकेची मूल्यांची स्वतंत्र पुस्तिका होती. पण शाखेतल्या कर्मचाऱ्याला रोज विचारलं जाई ते एकच, आज किती खाती उघडली? प्रत्येक ग्राहकाला आठ योजना विकायचं टार्गेट होतं. परिणामी कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचं उघड झालं. शिक्षा झाली ती बहुतेक खालच्यांना. टार्गेट ठरवणाऱ्यांवर आच यायला फार वेळ लागला. ज्याची मोजणी रोज होते आणि ज्यावर पगारवाढ मिळते, तेच त्या कंपनीचं खरं मूल्य. पुस्तिकेत काय छापलं आहे याला त्यानंतर अर्थ उरत नाही. आपल्या बँकांत, विमा कंपन्यांत, खासगी रुग्णालयांत काम करणारी माणसं हे वाचून कोणत्या दबावांची आठवण करतील, हे वेगळं सांगायला नको.

बहिणी आणि मुकादम

साहेबाशिवाय चालणाऱ्या दोन संस्था मुंबईतच आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' उभं राहिलं. आज तिच्या सभासद भगिनी चाळीस हजारांच्या वर आहेत. शाखेत पीठ मळून तयार होतं, बहीण ते मोजून घरी नेते, दुसऱ्या दिवशी पापड आणून देते. वजन होतं, पापड तपासले जातात आणि मजुरी हातात पडते. इथे नोकर कुणी नाही, सगळ्या मालक. नफा-तोटा सगळ्यांचा. शाखेची संचालिका लाटणाऱ्यांतूनच पुढे आलेली असते. संस्थेने देणग्यांवर उभं राहायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरलं. दर्जाच्या बाबतीत दयामाया नाही, आणि माणुसकीच्या बाबतीत कंजुषी नाही, हे दोन्ही एकाच तराजूवर, रोज सकाळी दिसतं.

डबेवाल्यांची परंपरा १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली असं मानतात. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागातून आलेली, बहुतेक एकमेकांच्या नात्यागोत्यातली माणसं वीस-पंचवीसच्या गटाने काम करतात. गटाची कमाई सारखी वाटली जाते. मुकादम अनुभवाने होतो आणि गरज पडली तर स्वतः डबे उचलतो. प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात, म्हणजे कुणी आजारी पडला, कुठे गाडी चुकली तर काम अडत नाही. कामावर टोपी नसली, दारू प्यायलेली आढळली, तर दंड. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये यांच्यावर अभ्यासपत्र तयार केलं. करोनाच्या टाळेबंदीने आणि घरून काम करण्याच्या पद्धतीने या धंद्याचं कंबरडं मोडलं, डबेवाल्यांची संख्या खूप घटली. मूल्यांवर उभी राहिलेली संस्था बाजाराच्या तडाख्यातून आपोआप वाचत नाही, हेही इथेच नोंदवायला हवं. पण जादा माणसं ठेवण्याची त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. आज सर्वत्र कमीत कमी माणसांत काम उरकण्याचा आग्रह आहे. मग एक जण रजेवर गेला की बाकीचे रात्री दहापर्यंत बसतात, आणि रजा घेणाऱ्याला अपराधी वाटतं. सहकार्य हे मूल्य हवं असेल तर त्यासाठी थोडी मोकळी जागा पगारपत्रकातच ठेवावी लागते.

सरकारी टेबलावरचे सहा गठ्ठे

सरकारी कार्यालयात काही सुधारत नाही, ही समजूतही तपासून घ्यायला हवी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाच्या कामाची पुनर्रचना केली. 'लखीना पॅटर्न' या नावाने ती राज्यभर ओळखली गेली. तिचा गाभा होता सहा गठ्ठ्यांची पद्धत. प्रत्येक लिपिकाने आपल्याकडचे कागद सहा भागांत लावायचे. चालू प्रकरणं, प्रतीक्षेतली प्रकरणं, ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे कागद. त्याचा परिणाम असा, की लिपिक रजेवर असला तरी शेजारच्याला फाईल सापडते. 'साहेब नाहीत, उद्या या' म्हणायला जागा राहत नाही. पारदर्शकता हे मूल्य इथे कपाटाच्या मांडणीत उतरलं. २०१७-१८ मध्ये पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी'ची मोहीम राबवली, तिचीही सुरुवात जुने कागद लावण्यापासूनच झाली.

सोबत कायदेही आले. २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याने कोणतीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये असं बंधन घातलं, २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणं हा नागरिकाचा हक्क केला. पण तारापूरला जे घडलं तेच इथेही घडतं. अधिकारी बदलून गेला की बऱ्याच ठिकाणी गठ्ठे पुन्हा एकमेकांत मिसळतात. चांगली पद्धत एका माणसाच्या नावाने ओळखली जाते, हा त्या माणसाचा गौरव आणि व्यवस्थेचं अपयश दोन्ही आहे.

कायदा कुठवर पुरतो?

खासगी क्षेत्रातही कायद्याने तळाची रेषा आखली आहे. विशाखा खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतून २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष ज्येष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती. त्याच वर्षीच्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना गैरप्रकार कळवणाऱ्यांसाठी यंत्रणा ठेवणं बंधनकारक केलं. हे कायदे हवेतच. त्यांच्याशिवाय तक्रारदार एकटी पडते.

पण समितीची नावं नोटीस बोर्डावर लागली म्हणून कुणी तक्रार करतं असं नाही. पहिल्या तक्रारीनंतर काय झालं, यावर दुसरी तक्रार येते की नाही ते ठरतं. तक्रार करणारीचीच बदली झाली, तर कायदा त्या कार्यालयापुरता संपलाच.

दोन प्रश्न मात्र अजून कुणीच नीट सोडवलेले नाहीत. पहिला वेळेचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचं आवाहन केलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं नव्वद तासांचं वक्तव्य गाजलं. १९४८ च्या कायद्याने कारखान्यातल्या कामगारासाठी ४८ तासांची मर्यादा घातली, ती कितीतरी लढ्यांनंतर. तिच्या जवळजवळ दुप्पट तासांचं कौतुक होणं मला गंभीर वाटतं. थकलेला माणूस चुका करतो आणि त्या लपवतो, मग वर सांगितलेली एकही सवय टिकत नाही.

दुसरा प्रश्न कंत्राटी कामगाराचा. चाकण, वाळूज, रांजणगाव कुठेही जा. एकाच लाईनवर, एकच काम करणारी दोन माणसं, एकाच्या हाती कंपनीचं ओळखपत्र, दुसऱ्याच्या हाती ठेकेदाराचं. पगारात मोठा फरक. दुसऱ्याला सकाळच्या बैठकीत उभं करतात, पण त्याने सुचवलेलं लिहून घेत नाहीत, आणि काही महिन्यांनी तो दिसतही नाही. ज्याचं उद्या काय होणार हे ठाऊक नाही, त्याने कंपनीची मूल्यं आपली मानावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. मूल्याधारित म्हणवणाऱ्या कंपनीची पहिली तपासणी तिच्या कंत्राटी कामगाराला विचारून व्हावी.

सुरुवात सुपरवायझरपासून

इतक्या उदाहरणांतून एक माणूस पुन्हा पुन्हा समोर येतो. दोरी ओढल्यावर धावून येणारा टीम लीडर, इजेची खबर तासाभरात देणारा फोरमन, डबे उचलणारा मुकादम, गठ्ठे तपासणारा अव्वल कारकून. कामगाराला कंपनी भेटते ती या माणसाच्या रूपाने. अध्यक्षांचं भाषण कामगार वर्षातून एकदा ऐकतो, सुपरवायझरचा आवाज रोज आठ तास. आणि नेमक्या याच माणसाला आपण काहीच शिकवत नाही. उत्तम वेल्डर असतो, एका सकाळी त्याला सुपरवायझर करतात. उत्तम प्रोग्रॅमर असते, अप्रेझलनंतर तिच्या हाताखाली बारा जण देतात. माणसांशी कसं बोलायचं, काम कसं वाटून द्यायचं, नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मग ते आपल्या जुन्या साहेबाची नक्कल करतात, आणि वाईट सवयी पिढ्यान्‌पिढ्या चालत राहतात.

म्हणून मूल्यांवर खर्च करायचा असेल तर घोषवाक्यं आणि स्नेहसंमेलनं यांच्याआधी तो पहिल्यांदा मॅनेजर झालेल्या माणसाच्या प्रशिक्षणावर करावा. त्याला चारच गोष्टी आधी शिकवाव्यात. रोज सकाळची दहा मिनिटांची उभ्याने बैठक, आठवड्याची स्वतंत्र भेट, चुकांची नोंद माणसाच्या नावाने नव्हे तर कारणाने ठेवणं, आणि घेतलेला निर्णय कारणासह लिहून ठेवणं. त्याच्या पगारवाढीत या चार गोष्टींना आणि त्याच्या हाताखालच्या माणसांच्या मताला जागा द्यावी. त्याची बदली झाली तर पुढच्याने काय चालू ठेवायचं हे लिखित असावं. आणि जेव्हा त्याने योग्य कारणासाठी लाईन थांबवली, ऑर्डर उशिरा गेली, ग्राहक चिडला, तेव्हा मालकाने सर्वांसमोर त्याच्या पाठीशी उभं राहावं.

एवढं करणं कोणत्याही आकाराच्या कंपनीला जमतं. त्याला मोठं भांडवल लागत नाही, सल्लागारही लागत नाही. लागते ती वरच्या माणसाची, तोटा दिसत असतानाही दिलेला शब्द पाळायची तयारी. ती असेल, तर कामाच्या जागी सचोटी शिकवावी लागत नाही. माणसं पाहून शिकतात, आणि पुढच्यांना शिकवतात.